दोनशे बारा नंबरचं ताट

१

सोमवारी सकाळी शिल्पा शिरसाठने कपाटातली पेटी टेबलावर आणली, सुतळी ब्लेडने कापली, झाकण उचललं आणि आतल्या वह्या मोजल्या. शुक्रवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने चार वह्या आत ठेवल्या होत्या. आता तीनच होत्या.

तिने पेटी पालथी केली. कपाटाचे सगळे कप्पे उपसले. हजेरीची वही होती, मेसची होती, यंत्रांच्या दुरुस्तीची होती. दवाखान्याची तेवढी नव्हती.

समुद्रातल्या तेलाचा आणि जळगावचा काय संबंध, असं कोणीही विचारील. पाच कंपन्या भरसमुद्रात प्लॅटफॉर्म उभारून तेल आणि गॅस काढतात. कोणाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं जास्त जायबंदी होतात आणि कोणाच्या कमी, हे दरवर्षी मांडून देणारा एक तिऱ्हाईत पंच त्यांच्या संघाला हवा होता. पाइपच्या कारखान्यात उमेद घालवलेल्या योगराज सरांनी ते काम मिळवलं आणि औद्योगिक वसाहतीत दोन खोल्या घेऊन ऑफिस थाटलं. हिशेब तसा सोपा. अपघातानंतर माणूस दुसऱ्या दिवशी पाळीवर उभा राहू शकला नाही, की तो अपघात मोजायचा. दहा लाख तासांच्या कामामागे असे अपघात किती, तो आकडा काढायचा. आकडा लहान, तर कंपनी चांगली. गेली तीन वर्षं ‘जलपूर्वा’ पहिली येत होती.

शिल्पाच्या जिवाला घोर होता तो त्याचाच. तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण येत्या शुक्रवारी जलपूर्वाच्या हेलिकॉप्टरमध्ये बसणार होता. त्याला दोन कंपन्यांची पत्रं आली, तेव्हा तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "जलपूर्वाच घे. माझा तक्ता सांगतो."

पहिल्या आलेल्या कंपनीकडून वह्यांची पेटी मागवून पडताळणी करायची, असा नियम यंदाच निघाला होता. पेटी शुक्रवारी आली. शिल्पाने ती उभ्याउभ्या चाळली आणि घरी जेवताना बोलून गेली, "दवाखान्याच्या वहीत पट्ट्या बांधल्याच्या नोंदी फार दिसतात रे. सोमवारी नीट बघते. काही निघालं, तर चौकशी होईपर्यंत नवीन माणूस चढवता येत नाही. तुझं जाणंही थांबेल."

"ताटावर कामाचं बोलू नये," असं म्हणून वडिलांनी, मोतीलालनी, विषय मिटवला होता.

आता ती वहीच गेली होती.

"कुलूप फोडलेलं नाही," योगराज सर कपाटाशी वाकून म्हणाले. "किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला असते. दुसरी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," शिल्पा म्हणाली.

जलपूर्वाचा माणूस अभिमन खुर्चीत रेलून बसला होता. पेटी त्यानेच आणली होती आणि पडताळणीच्या वेळी हजर राहायला तो आज पुन्हा आला होता. "आम्ही चार वह्या दिल्या, पोचपावती आहे. तुम्ही हरवली, त्याचा भुर्दंड आम्हाला नको. आमचे आकडे आहेत तसे तक्त्यात जाऊ द्या." मग शिल्पाकडे बघून हसला. "आणि मॅडम, तुमचा भाऊ आमच्याकडे लागतोय ना? मग वही गेली ते बरंच झालं म्हणायचं."

गुरुवारी दुपारी तक्ता जायचा होता. गुरुवारीच संध्याकाळच्या गाडीने भूषण मुंबईला निघणार होता.

"लोटन आबांना बोलवू," योगराज सर म्हणाले. "तोवर कोणी तोंड उघडू नका."

२

लोटन आबा मंगळवारी दोंडाईच्याहून पॅसेंजरने आले. सव्वीस वर्षं समुद्रात खलाशी म्हणून काढलेला हा माणूस ऑफिसला लागेल तेव्हा सल्ला द्यायचा. अंगाने काटक, दोन बोटं अर्धी. चाळिशीपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. प्लॅटफॉर्मवरच्या मेसच्या भिंतीवर रोजच्या जेवणाचा फळा असायचा, त्यावर बोट ठेवून ते वाचायला शिकले. अजूनही बोट लावूनच वाचत.

ते कपाटापाशी गेले, खाली पडलेला सुतळीचा तुकडा उचलून त्यांनी उजेडाकडे धरला आणि मुकाट खिशात टाकला. मग शिल्पाला विचारलं, "शुक्रवारी पेटी तूच बांधली होती का?"

"हो. साधी गाठ मारली होती."

"आणि काल ब्लेडने का कापली?"

"सुटेना म्हणून."

"हं," म्हणून ते झाडूवाल्या कोकिळाबाईंकडे वळले. शनिवारी ऑफिसला सुटी, पण झाडलोट करायला त्या एकट्या आल्या होत्या.

"अक्का, शनवारले कोणी उनं व्हतं का?"

"बाहेरनं कोणीच नही उनं, आबा. मी दुपारलोंग आठेच व्हतू. माले काय चोर समजतस का?"

"चोर समजलो असतो, तर चहा मागितला असता का तुला? ठेव आधण."

चहा होईपर्यंत आबांनी जुन्या कागदांचा एक गठ्ठा काढला आणि सुतळी टाकून म्हणाले, "दीपक, एवढं बांध रे."

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दीपकची खुर्ची कपाटाला खेटून होती. त्याने दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. "आबा, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. शनिवारी मी पारोळ्याला साखरपुड्यात होतो. स्वतःच्या."

"अभिनंदन. सोड ते. योगराज, आता तू बांध."

योगराज सरांची सुतळी दोनदा घसरली. "हे काय चाललंय?"

"म्हाताऱ्याचा खेळ. अभिमन भाऊ, तुम्ही?"

अभिमनने सुतळी घेतली, मनगट एकदा फिरवलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारून मोकळा झाला. डोळ्यासारखा गोल फास. कितीही ओढा, आवळत नाही. "मीही सहा वर्षं डेकवर काढली आहेत, आबा. हात विसरत नाहीत."

आबांनी खिशातला तुकडा बाहेर काढून टेबलावर ठेवला. ब्लेडने सुतळी कापली गेली होती, पण गाठ शाबूत होती. त्यातही तसाच गोल, न आवळणारा फास होता.

शिल्पाने अभिमनकडे बघितलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

३

"मी नाही!" अभिमन ओरडला. "माझ्याकडे किल्ली कुठाय? शनिवारी मी चोपड्याला घरी होतो!"

"ओरडू नका," आबा म्हणाले. "तुम्ही आहात असं कोण म्हणालं?" मग त्यांनी सगळ्यांनाच बाहेर काढलं. फक्त शिल्पाला थांबवून घेतलं.

"आबा, गाठ त्यांचीच आहे ना?"

"गाठ समुद्राची शे, एवढं खरं. बाकीचं उद्या बोलू." त्यांची नजर तिच्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळली. "आधी मला हे सांग, गेलेल्या वहीत काय असेल?"

"ते आता कसं कळणार?"

"चोराला दवाखान्याची वही महत्त्वाची वाटली. मेसची त्याने ठेवून दिली. दे ती."

मेसची वही म्हणजे रोज किती ताटं वाढली त्याची मोजणी. प्लॅटफॉर्मवर माणसं किती होती आणि कामाचे तास किती भरले, हे ताडून बघायला संघ ती मागवी. एकूण ताटं सोडून पुढचं कोणी वाचत नसे. आबांचं बोट मात्र उजव्या टोकाच्या अरुंद रकान्यावर जाऊन थांबलं.

"हे काय ते ठाऊक आहे?"

"खोलीवर गेलेली ताटं."

"तिथे खोलीत जेवायला बंदी असते. उंदीर होतात, घाण होते. कप्तान असो की खलाशी, जेवायचं मेसमध्येच. अंथरुणाला खिळलेल्याचं तेवढं ताट खोलीवर जातं, आणि मेसवाला बंकचा, म्हणजे निजायच्या जागेचा, नंबर लिहून ठेवतो. कारण ताट परत आलं नाही, तर ते त्याच्या डोक्यावर बसतं. मला एकदा ताप भरला तेव्हा तीन दिवस माझा नंबर या रकान्यात होता. मीच वाचला होता तो, हौसेने." बोट खाली सरकत गेलं. "दोनशे बारा. दुसऱ्या दिवशी दोनशे बारा. तिसऱ्या दिवशी दोनशे बारा. मोज."

शिल्पा मोजत गेली. दोनशे बारा नंबरच्या बंकवर एकेचाळीस दिवस ताट गेलं होतं.

"आता हजेरीची वही काढ. या एकेचाळीस दिवसांत दोनशे बारा कुठे होता?"

तिने पानं उलटली. दोनशे बारा नंबर, रुपचंद, खलाशी. रोज सकाळी सहाला हजर, संध्याकाळी सहाला पाळी संपली. एकही दिवस बुडाला नव्हता.

"जो माणूस मेसपर्यंत चालू शकत नाही," आबा हळूच म्हणाले, "तो बारा तास दोर कसा ओढतो?"

शिल्पाने वही पहिल्या पानापासून घेतली. तीन-चार दिवसांची ताटं तापाची म्हणून सोडून दिली. आठवड्यावर आजारी राहिला, तर त्याला किनाऱ्यावर धाडायचा, असा नियमच होता. तरीही दहा दिवसांच्या वर ताट गेलेले सहा बंक निघाले. सहाही जणांची हजेरी भरलेली.

जलपूर्वाने वर्षभरात एकच अपघात दाखवला होता, तोही किनाऱ्यावरच्या गोदामातला. कामाचे तास साडेसतरा लाख, म्हणजे दहा लाखांमागे एकाहून बराच कमी. हे सहा धरले तर सात होत होते. दहा लाखांमागे चार. बाकीच्या चार कंपन्यांत सर्वांत वाईट होती, तिचाही आकडा दीडाच्या आसपास होता.

पहिली कंपनी शेवटची होती. आणि भूषणला तिथे तिनेच धाडलं होतं.

"हा रुपचंद जिवंत तरी आहे का, आबा?"

"चोपड्याचा पोरगा. मीच कामाला लावला होता." आबांनी वही मिटली. "उद्या सकाळची बस धरू."

४

केळीच्या बागांमधून गेलेल्या वाटेवर रुपचंदचं घर होतं. तो ओसरीवर बाजेवर बसला होता. आबांना बघून उठला आणि उठताना डाव्या पायावर भार न देता उठला.

"पाय कसा शे?" आबांनी विचारलं.

"बरा शे आते."

"एकेचाळीस दिवस बरा नव्हता. खोटं बोलशील तर माझ्याशी गाठ आहे."

रुपचंदने मान खाली घातली. त्याची बायको भागाबाई आतून पदराला हात पुसत आली. "सांगी टाक ना. मनमां ठेईसन काय करशी?"

मग तो बोलला. पाइप घसरून पायावर आला. हाड मोडल्याचं त्याचं त्यालाच कळलं. पण त्या दिवशी डेकवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस : ९६७’ असं लिहिलेलं होतं. हजार भरले की प्रत्येक माणसाला मिक्सर मिळणार होता. साहेब आला आणि म्हणाला, हेलिकॉप्टर मागवलं तर फळा शून्यावर येईल. तू इथेच पडून राहा, हजेरी आम्ही लावतो.

"साहेब म्हणाला आणि तू ऐकलंस?" शिल्पाने विचारलं.

"साहेबाचं नसतं ऐकलं, ताई. बंकभोवती तीस जण उभे होते. माझ्याच गावचे, माझ्याच पाळीचे. हात जोडत होते. म्हणे, रुपचंद, तेहतीस दिवस काढ रे, आमच्या घरी पण बायका आहेत." तो ओशाळं हसला. "त्यांना नाही कसं म्हणू?"

"तेहतीस झाल्यावर का नाही उतरलास?"

"मग म्हणे, आता उतरलास तर मागचं उघडं पडेल."

"पायना बदलामा मिक्सर भेटनं," भागाबाई म्हणाली. "आमना घरमा दाणास्नी चटणी मोठी बारीक व्हस आते."

कोणी हसलं नाही.

परतीच्या बसमध्ये शिल्पा खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसली होती. "आबा, एवढं पुरेल ना? मेसची वही आणि रुपचंद?"

"अभिमन म्हणेल ताटं तापाची होती, आणि रुपचंद घरी पडला. सहाही जणांची हाडं कधी मोडली, ते एकाच ठिकाणी लिहिलंय. दवाखान्याच्या वहीत."

"मग अभिमनला पोलिसांत द्या! गाठ त्याची आहे!"

आबांनी खिशातून दोन सुतळ्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. एक अभिमनने काल बांधलेली, दुसरी पेटीवरची.

"नीट बघ. फास दोन्हीकडे सारखा. पण पेटीवरच्या गाठीत उरलेलं टोक परत दोरावर वळवून आणखी एक अढी मारली आहे. ती सुटू नये म्हणून. असं जुना खलाशी कधीच करत नाही, गाठीवर त्याचा भरवसा असतो. हल्ली समुद्रात जाण्याआधी नव्या पोरांना शिकवणी असते, तिथे ही दुसरी अढी घोकून घेतात. ती विसरला की नापास. म्हणजे ज्याने पेटी बांधली, तो शिकवणीतून ताजा आलाय. अजून समुद्र त्याने पाहिलेला नाही."

बस तापीच्या पुलावर चढली. शिल्पाला पाणी दिसलं नाही.

"किल्ली तुझ्या घरी कुठे असते, पोरी?"

"दाराजवळ... खिळ्याला."

"कोकिळाबाई म्हणाली बाहेरचं कोणी आलं नाही. मी काल जाताना तिला दुसऱ्या तऱ्हेने विचारलं, शनिवारी शिल्पाचा भाऊ कितीला आला होता? म्हणाली, अकराला. ताईचा डबा राहिलाय म्हणून आत गेला. तो थोडाच बाहेरचा!" आबांनी सुतळ्या परत खिशात टाकल्या. "तुला तिथेच सांगणार होतो. पण आधी रुपचंदचा पाय तू बघायला हवा होता."

५

भूषण घरी बॅग भरत होता. पलंगावर नवे बूट होते, विहारात सत्कारात मिळालेली शाल घडी करून ठेवली होती. बहिणीला दारात बघून तो हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"वही दे," शिल्पा म्हणाली.

"कसली?"

"भूषण."

तो पलंगाच्या कडेला बसला. "चार वर्षं पाइपच्या कारखान्यात कंत्राटावर काढली, ताई. समुद्राची शिकवणी पुरी केली, राजीनामा देऊन आलोय. अख्ख्या वस्तीने स्टेशनवर यायचं ठरवलंय. तू म्हणालीस जाणं थांबेल, मला दुसरं काही सुचलंच नाही."

"वाचलीस का?"

"वाचली."

"आणि तरी चाललास?"

"वाटलं, मला थोडंच काही होणार आहे!" त्याचा आवाज चिरका झाला. "तिथे जाणारा प्रत्येक जण असंच म्हणत असेल ना?"

त्याने बॅगेच्या तळातून निळी वही काढली. शिल्पा तिथेच खाली बसली आणि पानं उलटू लागली. रुपचंदचं हाड होतं. दुसऱ्याचं मनगट. तिसऱ्याच्या फासळ्या. सहाही जण मिळाले. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मात्र तिचं बोट थांबलं. पेटी निघायच्या आदल्या दिवशीची नोंद होती. बंक तीनशे सहा. मांडीचं हाड, बारावा दिवस. ताप उतरत नाही. जखमेला वास.

लपवलेल्यांतला हा सातवा होता. त्याचे दहा दिवस भरायच्या आतच पेटीसाठी मेसच्या पानांची प्रत निघाली असावी, म्हणून तो त्यांच्या मोजणीत आला नव्हता.

"हा माणूस आत्ता तिथे पडलाय," ती म्हणाली. "आज बुधवार. सात दिवस आणखी झाले."

भूषणने नोंद वाचली. एकदा वाचली, परत वाचली. मग बुटांकडे न बघता पायात चपला सरकवल्या. "चल. सरांच्या हातात मीच देतो. चोरली मी आहे, तू नाहीस."

ऑफिसात अजून दिवे होते. योगराज सर, अभिमन आणि आबा तिथेच बसले होते. भूषणने वही टेबलावर ठेवली. "शनिवारी मी नेली. ताईला माहीत नव्हतं. मला काय करायचं ते नंतर करा, आधी शेवटचं पान वाचा."

अभिमनने वाचलं. "मला... हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं."

"विचारलं होतं का?" आबांनी विचारलं.

"आबा, फळ्यावर आज बाराशे ऐंशी झालेत. कोण विचारील?" अभिमन वहीकडे बघत राहिला. मग भूषणकडे वळून म्हणाला, "तुझं नाव कायमचं कटणार, कळतंय ना?"

"कापा," भूषण म्हणाला. "फोन लावा आधी."

अभिमन एकदा आबांकडे, एकदा दाराकडे बघून उठला. सहा वर्षं डेकवर काढलेला माणूस होता. त्याने फोन लावला आणि पलीकडून कोणीतरी नाही म्हणत असताना तो आवाज चढवून बोलला, "उद्या उजाडताच हेलिकॉप्टर पाठवा. फळा गेला खड्ड्यात!"

६

गुरुवारी साडेअकराला निरोप आला. तीनशे सहा नंबरला उतरवलं होतं. पाय वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. माणूस शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता.

दुपारी शिल्पाने तक्ता पूर्ण केला. जलपूर्वाचं नाव खाली, पाचव्या ओळीत गेलं. सातावर आता आठवा अपघात चढला होता. योगराज सरांनी सही करताना पेन दोनदा उचललं. "पुढच्या वर्षी हे काम आपल्याकडे राहील की नाही, कोण जाणे," असं पुटपुटले आणि सही केली. वही चोरल्याचा कबुलीजबाब भूषणने लिहून दिला होता, तोही त्यांनी सोबत जोडला. शिल्पाने त्यांना अडवलं नाही.

भूषण बाकावर बसून होता. संध्याकाळची गाडी तो धरणार नव्हता. वस्तीतल्या लोकांना काय सांगायचं, ते त्याने अजून ठरवलं नव्हतं.

"ताई," त्याने विचारलं, "आता पहिली कोण आली?"

शिल्पाने तक्त्यावर नजर टाकली. पहिल्या ओळीत दुसरं नाव होतं, समोर छोटासा, देखणा आकडा. ज्या दुसऱ्या कंपनीचं पत्र भूषणने तिच्या सांगण्यावरून परत पाठवलं होतं, तीच ही.

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "बाकीच्या चारही कंपन्यांच्या पेट्या मागवल्या आहेत. मेसच्या वहीसकट."